नखावरचा चिकट थर आणि तो पुसणारे हात



आजचा विषय कळल्यावर काहीजणी हसतील, आणि काही पुरुष मंडळी आवाज कमी करायला हात पुढे करतील. जरा थांबा. विषय नखांचा असला, तरी वाटेत विमानं आहेत, दातांचे डॉक्टर आहेत, डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि आपल्यासारखीच घरदार सोडून या देशात आलेली माणसंही आहेत.

प्रसंग ओळखीचा आहे. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम उद्यावर आलेला. सलॉनमध्ये जायला वेळ नाही, म्हणून घरीच जेल पॉलिशचा संच काढला. आधी बेस कोट, मग रंगाचे दोन हात, वर टॉप कोट. प्रत्येक हातानंतर त्या छोट्या दिव्याखाली बोटं धरली. शेवटी दिवा विझला, नख काचेसारखं चमकायला लागलं. हौसेने बोट टेकवून पाहिलं, तर चिकट! मनात येतं, दिवा बिघडला की पॉलिश जुनं झालं? बहुतेक वेळा दोन्ही नाही. संचाबरोबरच्या कागदावर शेवटी एक ओळ असते: अल्कोहोलने पुसून घ्या. पुसलं, की खाली टणक, चकचकीत नख मिळतं.

मग हा चिकट थर येतो कुठून? आणि तो नेहमीच येणार असेल, तर पुसण्याचं हे काम इतकी वर्षं कोण करत आलं आहे? आजची गोष्ट या दोन प्रश्नांची आहे.

आधी पहिला प्रश्न. आपलं नेहमीचं नेलपेंट सुकतं. त्यातला पातळ द्रव उडून जातो आणि रंगाचा पापुद्रा मागे राहतो. जेल पॉलिश असं सुकत नाही, ते जुळतं. बाटलीत लहान लहान सुटे रेणू असतात. दिव्याच्या अतिनील किंवा जांभळ्या प्रकाशाने त्यातला एक घटक फुटतो आणि त्याचे अस्वस्थ तुकडे होतात. त्यांना रॅडिकल म्हणतात. असा एक तुकडा शेजारच्या रेणूला धरतो, तो पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. लहान मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आगगाडी करतात, तसं. काही सेकंदांत हजारो डबे जोडले जातात, एका गाडीतून दुसरीत फाटे फुटतात आणि पातळ द्रवाचं टणक जाळं होतं.

या खेळात मध्ये घुसतो तो हवेतला ऑक्सिजन. रॅडिकलला शेजारच्या रेणूपेक्षा ऑक्सिजन हजारो पटींनी लवकर भेटतो. एकदा तो टोकाला येऊन बसला, की ते टोक सुस्त होतं, गाडी जागच्या जागी थांबते. आतल्या भागात विरघळलेला ऑक्सिजन थोडाच असतो. तो लगेच संपतो आणि साखळी पुढे वाढते. पृष्ठभागावर मात्र तो संपतच नाही, कारण वर अख्खी खोलीभर हवा आहे. जितका खर्च होईल तितका नवा हजर. म्हणून वरचा अगदी पातळ थर कायम अर्धाकच्चा राहतो. त्याची जाडी काही मायक्रॉनपासून काही दहा मायक्रॉनपर्यंत असते, म्हणजे साधारणपणे आपल्या डोक्याच्या केसाहूनही कमी.

दूध तापवून ठेवलं की वर साय धरते आणि खाली पातळ राहतं. इथे बरोबर उलटं होतं. खाली घट्ट आणि वर पातळ. हवेने घेतलेला वाटाच म्हणा ना.

आता इतिहास. जेलच्या घराण्याचा मूळ पुरुष शोधायचा तर जर्मनीत जावं लागतं. १९०१ साली ट्यूबिंगेन विद्यापीठात ओट्टो र्‍योम नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ॲक्रिलिक आम्लापासून बनणाऱ्या अशाच साखळ्यांवर प्रबंध लिहिला. १९०७ साली त्याने ओट्टो हास याच्याबरोबर कंपनी काढली. पुढे कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर या कुळातल्या मिथाइल मेथाक्रिलेट नावाच्या द्रवापासून काचेसारखं पारदर्शक, पण काचेहून हलकं आणि सहज न फुटणारं प्लास्टिक तयार झालं. १९३३ साली त्याला नाव मिळालं प्लेक्सिग्लास. ब्रिटनमध्ये आयसीआय कंपनीने तेच पर्स्पेक्स या नावाने विकलं.

त्याचे पत्रे बनवायची रीत ऐकण्यासारखी आहे. काचेच्या दोन तावदानांच्या मध्ये द्रव ओतायचा, कडा बंद करायच्या आणि मग तो घट्ट होऊ द्यायचा. काच असल्यामुळे पत्रा गुळगुळीत होतोच, शिवाय हवाही आत येत नाही. म्हणजे हवेचा वाटा हवेला मिळूच द्यायचा नाही. नखाला अशी दोन तावदानं लावता येत नाहीत, हीच आपली अडचण.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची पारदर्शक छतं याच प्लास्टिकची होती. ती गोळ्यांनी फुटली, की तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायचे. लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की हे तुकडे डोळ्यात राहिले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही. त्यावरून त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णासाठी याच प्लास्टिकचं भिंग बनवलं आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये ते डोळ्यात बसवलं. आज आपल्या घराघरांत आजी-आजोबांच्या डोळ्यांत भिंग बसतं, त्याची सुरुवात तिथे आहे.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. साखळी पूर्ण झालेलं ॲक्रिलिक डोळ्यासारख्या नाजूक जागीही गुपचूप राहतं. त्याच कुळातले सुटे, न जुळलेले रेणू मात्र त्वचेत शिरतात आणि काहींच्या शरीराला ते शत्रू वाटतात. वस्तू एकाच घराण्यातल्या, फरक फक्त साखळी पुरी झाली की नाही एवढाच. नखावरचा चिकट थर म्हणजे हेच न जुळलेले रेणू. ही गोष्ट मनात ठेवा.

हे सुटे रेणू त्रास देतात, हे सगळ्यात आधी कळलं ते दातांच्या जगात. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कवळीसाठी रबराच्या जागी ॲक्रिलिक आलं. पूड आणि द्रव मिसळून कणकेसारखा गोळा मळायचा, साच्यात भरायचा आणि तापवून घट्ट करायचा. कवळी घालणारा खूश, कारण हिरडीचा रंग खराखुरा दिसायचा. पण हे काम करणाऱ्यांपैकी काहींच्या बोटांची कातडी लाल व्हायची, भेगाळायची. १९५४ साली अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अलेक्झांडर फिशर यांनी कवळीच्या ॲक्रिलिकमुळे होणाऱ्या ॲलर्जीवर लेख प्रसिद्ध केला.

योगायोग बघा, त्याच १९५४ सालची एक गोष्ट नखांच्या धंद्यात आजही सांगतात. फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकी दंतवैद्याचं काम करताना नख तुटलं. हाताशी दाताचं ॲक्रिलिक होतं. त्याने ते वापरून तात्पुरतं नख बनवलं, ते बरं जमलं आणि पुढे भावाबरोबर त्याचा धंदाही सुरू केला. दाताचं सामान नखावर आलं ते असं. पण दाताच्या जगात नुकताच दिलेला इशारा काही त्याच्याबरोबर आला नाही. १९५७ मध्ये त्याच फिशर यांनी सहकाऱ्यांबरोबर पुन्हा लिहिलं, या वेळी प्लास्टिकच्या नखांमुळे होणाऱ्या ॲलर्जीबद्दल. म्हणजे कृत्रिम नखं बाजारात येऊन काही वर्षं होतात न होतात, तोच धोका छापून आला होता.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या एफडीएकडे तक्रारी यायला लागल्या. नखं विद्रूप होणं, बोटांना पुरळ येणं. कारण होतं तेच मिथाइल मेथाक्रिलेट, सुट्या द्रवाच्या रूपात. १९७४ मध्ये एफडीएने कोर्टात जाऊन त्या द्रवाने भरलेली उत्पादनं थांबवली. धंदा मग त्याच कुळातल्या जरा सौम्य भावंडांकडे वळला.

दातांशी नातं तरीही तुटलं नाही. १९७९ साली कॅलिफोर्नियात स्टुअर्ट नॉर्डस्ट्रॉम या दंतवैद्याने नखांची कंपनी काढली, तीच आजची सीएनडी. १९८१ मध्ये जॉर्ज शेफर यांनी ओडोन्टोरियम प्रॉडक्ट्स नावाचं दातांच्या सामानाचं दुकान विकत घेतलं. त्यांच्या लक्षात आलं, की दुकानातलं ॲक्रिलिक दंतवैद्यांपेक्षा नखं करणाऱ्या बायकाच जास्त नेत आहेत. त्यातून उभी राहिली ओपीआय. आपल्या ड्रेसिंग टेबलावरच्या बाटलीवरची ती तीन अक्षरं दातांच्या दुकानातून आली आहेत.

मग प्रकाशाने घट्ट होणारं जेल कुठून आलं? तेही दवाखान्यातूनच. १९६२ साली राफेल बोवेन यांनी दाताच्या फिलिंगसाठी नव्या राळेचं पेटंट घेतलं. १९७० साली रॉचेस्टरच्या ईस्टमन डेंटल सेंटरमधल्या मायकल बुओनोकोरे यांनी अतिनील प्रकाशाने घट्ट होणारी राळ मुलांच्या दाढांच्या खाचांत भरून कीड रोखण्याचं काम प्रसिद्ध केलं. आता मळायची गरज नाही, तापवायची गरज नाही. लावा, दिवा धरा, झालं.

आणि इथेच तो चिकट थर दंतवैद्याला भेटला. काच वर नसल्यामुळे हवेने आपला वाटा घेतला. दंतवैद्याने त्याचा उपयोगही करून घेतला. फिलिंग थराथराने भरताना मधला चिकट थर पुसायचा नाही, कारण वरचा नवा थर त्यात मिसळून जुळतो. शेवटचा थर मात्र घासून, पॉलिश करून काढायचा. किंवा शेवटी वर ग्लिसरीन लावून दिवा धरायचा, म्हणजे हवा आत येत नाही आणि चिकटपणा राहत नाही. प्लेक्सिग्लासच्या कारखान्यात जे काम काचेने केलं, ते इथे ग्लिसरीनने केलं.

१९८० च्या दशकात हेच तंत्र नखांवर उतरलं. सुरुवातीची जेलं आणि दिवे फारसे जमले नाहीत, पण पुढे दोन्ही सुधारले. २०१० साली सीएनडीने शेलॅक बाजारात आणलं. ब्रशने नेलपेंटसारखं लावायचं, दिव्याखाली घट्ट करायचं आणि दोन आठवड्यांनी ॲसिटोनमध्ये भिजवून काढायचं. त्यानंतर जेल पॉलिश गल्लोगल्ली पोचलं. पद्धत दंतवैद्याचीच राहिली. मधले थर पुसायचे नाहीत, शेवटचा पुसायचा. फक्त दंतवैद्याच्या यंत्राची जागा अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या छोट्या चौकोनी कापडाने घेतली.

या थराला एकदा मानाचं पानही मिळालं. २०१५ साली उत्तर कॅरोलायनातले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डिसिमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात थ्री-डी छपाईची नवी रीत मांडली. राळेच्या भांड्याच्या तळाशी त्यांनी ऑक्सिजन आरपार जाऊ देणारी खिडकी बसवली. त्यामुळे खिडकीलगतचा पातळ थर कधीच घट्ट होत नाही आणि वस्तू न चिकटता सलग वर खेचता येते. सगळे ज्याला कटकट म्हणत होते, तोच थर त्यांनी कामाला लावला.

नखाच्या बाबतीत मात्र हा थर यंत्राच्या तळाशी नसतो. तो कुणाच्या तरी बोटांखाली असतो. म्हणून आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. हे पुसणारे हात कुणाचे?

१९७५ साली व्हिएतनामचं युद्ध संपलं आणि निर्वासितांचे लोंढे अमेरिकेत आले. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ वायमार इथे होप व्हिलेज नावाची छावणी होती. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’ चित्रपटाची नायिका टिप्पी हेड्रन तिथे मदतीला जायची. तिथल्या बायकांना काहीतरी कामधंदा मिळावा म्हणून ती खटपट करत होती. पण त्या बायकांचं लक्ष होतं तिच्या सुंदर नखांकडे. मग हेड्रनने आपल्या मॅनिक्युरिस्टला, डस्टी बुटेरा यांना, तिथे बोलावलं आणि वीस बायका ते काम शिकल्या. त्यांनी बहिणींना शिकवलं, वहिनींना शिकवलं, मैत्रिणींना शिकवलं. आज अमेरिकेतल्या नेल सलॉनमध्ये काम करणाऱ्यांत व्हिएतनामी वंशाच्या लोकांचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. परक्या देशात एकाने वाट शोधावी आणि मागून अख्ख्या गोतावळ्याने त्या वाटेने यावं, हे आपणही केलं आहे. आपल्या वाटेवर कॉम्प्युटर होते, त्यांच्या वाटेवर हा दिवा, ती बाटली आणि ते अल्कोहोलचं कापड. आपण महिन्यातून एकदा खुर्चीत बसतो. समोरच्या ताई दिवसाला कितीतरी जणींची दहा-दहा नखं पुसतात.

पुसताना नेमकं काय होतं ते पाहा. सुटे रेणू अल्कोहोलमध्ये विरघळतात. म्हणूनच ते निघतात. पण तेच विरघळलेले रेणू कापडावर येतात आणि ओलं कापड धरलेल्या बोटांना लागतात. अल्कोहोल त्वचेवरचं तेलही धुऊन नेतं, म्हणजे कुंपणही ढिलं होतं. या रेणूंपैकी सर्वांत बदनाम म्हणजे एचईएमए, हेमा म्हणून ओळखला जाणारा. तो लहान असल्यामुळे त्वचेत सहज शिरतो. एका स्पर्शाने सहसा काही होत नाही. पण महिनोन् महिने होत राहिलं, तर एखाद्या दिवशी शरीर त्याला ओळखून ठेवतं, आणि ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. मग बोटांची टोकं भेगाळतात, नखाभोवती खाज सुटते, नख उचललं जातं. हात चेहऱ्याला लागतो, म्हणून पापण्यांवर आणि मानेवरही पुरळ येतं. बरेचदा पापणी सुजते आणि माणूस काजळाला दोष देत बसतो.

२०१२ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने ॲक्रिलेटला ‘वर्षातला ॲलर्जी घटक’ ठरवलं. २०१८ मध्ये ब्रिटिश असोसिएशन ऑफ डर्मॅटॉलॉजिस्ट्सने जाहीर इशारा दिला. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या तेरा दवाखान्यांत तपासलेल्या रुग्णांपैकी २.४ टक्के जणांना या कुळातल्या किमान एका रसायनाची ॲलर्जी निघाली होती. आकडा लहान वाटेल. पण ज्यांना ती झाली, त्यांना पुढे दाताचं फिलिंग करताना किंवा सांधा बदलताना वापरलं जाणारं हाडांचं सिमेंटही अडचणीचं ठरू शकतं, कारण तेही याच घराण्यातलं. नखांच्या हौसेचा हिशेब असा गुडघ्यापर्यंत पोचू शकतो.

२०२० साली दोन गोष्टी घडल्या. महासाथीत सलॉन बंद झाली आणि दिव्याचे संच घरोघरी आले. म्हणजे पुसण्याचं काम शिकलेल्या हातांकडून न शिकलेल्या हातांकडे गेलं. त्याच वर्षी युरोपीय संघाने नियम केला, की हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरावीत आणि तशी सूचना वेष्टनावर हवी. अमेरिकेत असा देशभराचा नियम नाही. पण २०२२ च्या अखेरीस इथे सौंदर्यप्रसाधनांचा नवा कायदा झाला आणि ग्राहकाला गंभीर अपाय झाल्याचं कळल्यावर कंपनीने कामकाजाच्या पंधरा दिवसांत एफडीएला कळवणं बंधनकारक झालं. म्हणजे त्रास झाला तर गप्प बसू नका, कंपनीला कळवा. तुमची तक्रार आता नोंदीत जाते.

सलॉनमधल्या कामगारांनीही वाट पाहिली नाही. २००५ मध्ये कॅलिफोर्निया हेल्दी नेल सलॉन कोलॅबोरेटिव्ह उभी राहिली. कामगार, सलॉनमालक आणि आरोग्यक्षेत्रातली माणसं एकत्र आली. मागण्या साध्या होत्या: कमी घातक बाटल्या, खेळती हवा आणि आपल्या भाषेत माहिती.

आता रेडिओवरून जेवढं सांगता येईल तेवढं, पुसायचं कसं ते सांगतो.

एक. जेल लावतानाच ते त्वचेला लागू देऊ नका. लागलं तर दिव्याखाली हात घालण्याआधीच काडीने काढून टाका.

दोन. दिवा आणि पॉलिश एकमेकांशी जुळणारे हवेत. कंपनी सांगते तो दिवा, सांगते तितका वेळ, आणि हात पातळ. जाड थर लावला तर आतूनही कच्चा राहतो. पुसल्यावरही नख मऊ लागलं किंवा बोटाने दबलं, तर तो हवेचा वाटा नव्हे. ते नख शिजलेलंच नाही. कितीही पुसलं तरी ते टणक होणार नाही.

तीन. मधले थर पुसू नका. फक्त शेवटचा पुसा, तोही दिव्यातून काढल्यावर मिनिटभर थांबून. घाईने पुसलं तर चमक मंद होते.

चार. पुसायला औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि धागे न सुटणारं कापड. कापूस नको, त्याचे तंतू नखाला चिकटतात. ॲसिटोन नको, ते खालचं पॉलिशही मऊ करतं. नुसतं पाणीही नको, त्याने हा थर नीट निघत नाही. आणि अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा दिवाळीची पणती लांब ठेवा.

पाच. मुळाकडून टोकाकडे, एकाच दिशेने पुसा. एका नखाला कापडाचा एक कोरा भाग. तेच कापड फिरवत राहिलात, तर एका नखाचा चिकटपणा दुसऱ्या बोटाच्या कातडीला जातो. हातात नायट्राइलचे मोजे असू द्या, पण पातळ मोज्यातून हे रेणू काही मिनिटांत आरपार जातात, म्हणून ओले झालेले मोजे लगेच बदला. वापरलेलं कापड झाकणाच्या डब्यात टाका, लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. शेवटी साबणाने हात धुवा.

हल्ली ‘न पुसायचा’ टॉप कोटही मिळतो. त्यातली रसायनं अशी निवडलेली असतात, की हवा असूनही वरचा थर चिकट राहत नाही. सोयीचा आहे. पण बाटलीतला द्रव शेवटी त्याच घराण्यातला, म्हणून त्वचेपासून दूर ठेवायची शिस्त तीच.

आणि खाज, पुरळ, पापण्यांना सूज असं काही दिसलं, तर पुढच्या रंगाची वाट पाहू नका. वापर थांबवा, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, पॅच टेस्टबद्दल विचारा. ॲलर्जी निघाली, तर ती दाताच्या डॉक्टरांनाही आठवणीने सांगा.

सलॉनमध्ये गेलात तर आणखी एक करा. समोरच्या ताई मोजे बदलायला उठल्या, तर घड्याळाकडे बघू नका. त्या दोन मिनिटांत त्या आपली रोजीरोटी सांभाळत असतात. हात गेला तर त्यांचं कामच गेलं.

कोकणातल्या श्रोत्यांना फणस आठवत असेल. फणस फोडायचा म्हणजे आजी आधी हाताला आणि कोयत्याला खोबरेल लावायची. चीक लागल्यावर घासत बसायचं नाही, लागायच्या आधीच काळजी घ्यायची. फणसाला चीक असणारच, त्यात फणसाची चूक नाही. तसंच या नखाचंही. त्यावरचा चिकट थर ही ना दिव्याची चूक, ना बाटलीची. हवा आहे तोवर तो राहणार. तो निघतो एका पुसण्यात. प्रश्न एवढाच असतो, की पुसल्यावर तो कुठे गेला, डब्यात की कुणाच्या बोटांत?

पुढच्या वेळी नख पुसाल तेव्हा एकदा कापडाकडे नजर टाका आणि एकदा ते धरणाऱ्या हाताकडे.

आजच्यापुरतं एवढंच. पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.